धुरावर फुगणारा जॅक आणि चाकाखालीं जाणारा हात

वापसा झाल्यावांचून औत धरूं नये, हें आपल्याकडे पोरासोरांनाहि कळतें. परंतु पाभर घालण्यापूर्वीं मातीचा गोळा मुठींत दाबून पाहणारा शेतकरीच दोन टन वजनाची मोटार मात्र पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशीं बांधावरून शेतांत उतरवितो, आणि चाकें रुतलीं म्हणजे चार माणसें ढकलावयास बोलावितो, हें आम्हीं अनेक वेळां पाहिलें आहे. काळ्या जमिनीचा स्वभाव आमच्या वाचकांस आम्हीं सांगावा असें नाहीं. उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडणारी तीच जमीन पाणी प्याली म्हणजे फुगते, चाकाच्या खांचा भरून टाकते, आणि खांचा भरलेलें चाक म्हणजे गुळगुळीत लाटणेंच. अंकाई-टंकाईच्या पायथ्याकडील उथळ मुरमाड जमिनींत हा त्रास थोडा; पांझण नदीच्या कांठच्या खोल काळींत तो फार.

यावर उपाय म्हणून कित्येक बागाईतदार बंधू हल्लीं चारही चाकें ओढणारी, लोक जिला फोर बाय फोर म्हणतात तशी, मोटार घेऊं लागले आहेत. हा प्रकार आपल्याकडे अगदींच नवा नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं अमेरिकेंत बांधलेली विलिज जीप युद्ध संपल्यावर महिंद्रांनीं मुंबईंत जोडावयास घेतली, आणि पुढें सरकारी खात्यांपासून मळेवाल्यांपर्यंत ती सर्वांच्या ओळखीची झाली. २०१० सालीं थार निघाली, २०२० सालीं तिचें नवें रूप बाजारांत आलें; तो जुन्या जीपचाच वंश होय. या मोटारींचें सामर्थ्य आम्ही नाकारीत नाहीं. मात्र दुसऱ्याची मोटार जेथें थांबते तेथून वीस पावलें पुढें जाऊन ही रुतते, आणि तीं वीस पावलें परत येतांना फार महाग पडतात. मोटारीचें पोट एकदां मातीला टेकलें म्हणजे दोन चाकें फिरलीं काय आणि चार फिरलीं काय, सारखेंच.

अशा प्रसंगासाठीं धुरावर फुगणारा जॅक नांवाचें एक साधन आतां आपल्या भागांतहि दिसूं लागलें आहे. परदेशांत वाळवंटांतून मोटारी हिंडविणारे हौशी लोक तें पुष्कळ दिवसांपासून वापरतात. ही एक जाड कापडाची, आंतबाहेर लेप दिलेली गोल पिशवी असते. फुगल्यावर ती दोन-अडीच फूट उंच होते. तिला लांब नळी असून नळीच्या टोकाला नरसाळ्यासारखें तोंड असतें. रिकामी पिशवी मोटारीच्या पोटाखालीं सरकवावयाची, नळीचें तोंड सायलेन्सरच्या टोकावर दाबून धरावयाचें आणि इंजिन चालूं द्यावयाचें. इंजिनाचा धूर पिशवींत भरतो आणि मोटार उचलली जाते.

धुरानें मोटार उचलली जाते कशी, याचें पुष्कळांस नवल वाटतें. हिशेब सोपा आहे. मोटारीची एक बाजू उचलावयाची तर सुमारें हजार किलो भार धरूं. नेहमींच्या बाटलीजॅकचा तळ दहा सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असला, तर त्याखालच्या मातीवर दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो भार येतो. पिशवी दोन हजार चौरस सेंटिमीटर एवढ्या जागेवर टेकली, तर तोच भार दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो पडतो. मोटारीच्या टायरांत आपण साधारण दोन किलो दाबाची हवा भरतों. तिच्या चौथाईनें काम भागलें. म्हणून ओल्या काळींत जॅक खुंटीसारखा आंत जातो आणि पिशवी मातीवर बसून राहते. हा तिचा गुण खरा आहे व तो आम्ही मोकळेपणानें मान्य करतों.

पण ती उचलते. धरून ठेवीत नाहीं. हा भेद जे बंधू ही पिशवी घेऊं पाहत आहेत त्यांच्या ध्यानीं आलेला आम्हांस दिसत नाहीं, आणि त्यासाठींच हा लेख आहे.

याविषयीं आम्ही इतक्या आग्रहानें कां लिहितों तें सांगणें प्राप्त आहे. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत महाराष्ट्रांत मोठी गारपीट झाली. त्या वेळीं आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों आणि पंचनाम्यांच्या कामावर आमची रवानगी झाली होती. एका शिवारांत कचेरीच्या जुन्या जीपचें मागचें डावें चाक रुतलें. ड्रायव्हरनें चपटा दगड शोधून त्यावर स्क्रूजॅक लावला, चाक वीतभर वर आणलें, आणि ओणवा होऊन तो खालीं धोंडे भरूं लागला. आम्ही बांधावर कागद छातीशीं धरून उभे होतों. आभाळ पुन्हां भरून आलें होतें, आणखी दोन गांवें व्हावयाचीं होतीं. "भाऊ, आटपा लवकर," असें आम्हींच त्यास म्हटलें. दगड एका अंगानें बसला, जॅक कलला, जीप खालीं आली. त्याच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. पुढें जबाब झाले. त्यांत "चालकाच्या निष्काळजीपणामुळें" असे शब्द आहेत. अक्षर आमचें आहे. ते शब्द कोणी घालावयास सांगितले, हें येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं; लिहिले आम्हीं. "आटपा लवकर" हे शब्द त्या जबाबांत कोठेंहि नाहींत.

तेव्हांपासून रुतलेली गाडी दिसली म्हणजे आम्ही चाकाकडे पाहत नाहीं, चाकाखालीं कोण जात आहे तें पाहतों. जाणारा मालक क्वचितच असतो. सालदार असतो, ड्रायव्हर असतो, नाहींतर तमाशा पहावयास थांबलेला वाटेवरचा पोरगा असतो. मोटारीचा विमा उतरलेला असतो, पिशवी घेतल्याची पावती जपून ठेवलेली असते. आणि ज्याचा हात आंत जातो त्याला पिशवी म्हणजे काय हें कोणीं सांगितलेलें नसतें.

गेल्या परतीच्या पावसांत आमच्या एका सभासदांची मोटार लाल कांद्याच्या शेतांत अशीच बसली. त्यांनीं भाच्याकडून ही पिशवी आणविली होती, आणि कुतूहलानें आम्हीहि गेलों. पहिल्या खेपेस पिशवी फुगेचना. सायलेन्सरच्या सांध्याशीं गंजून भोक पडलें होतें, निम्मा धूर तेथूनच जात होता. सायलेन्सर निवल्यावर तें बुजविलें. दुसऱ्या खेपेस पिशवी गुडघाभर वर आली आणि तिच्यांतून सुस्कारा ऐकूं येऊं लागला. काढून पाहतात तों तळाला बाभळीचा कांटा. कुंपणाच्या फांद्या कधींतरी तेथें ओढल्या असतील. वाळवंटांतल्या हौशी मंडळींस बाभळीचा कांटा भेटत नसावा. मनमाडहून ठिगळ लावून आणीपर्यंत दुपार टळली.

तिसऱ्या खेपेस मोटार उचलली गेली. त्याबरोबर सालदार वीट घेऊन गुडघ्यांवर बसला आणि चाकाखालीं हात घालूं लागला. त्याला कोणीं सांगितलें नव्हतें, पण कोणीं अडविलेंहि नव्हतें. आम्हीं त्याचा दंड धरून त्यास मागें ओढलें. सभासद हंसले. "अहो भाऊसाहेब, चार टनांची पिशवी आहे, वर छापलेंच आहे." आम्हीं म्हटलें, जरा थांबा. इंजिन बंद करविलें. ठिगळाला व झडपेला साबणाचें पाणी लावून पाहिलें. एकहि बुडबुडा आला नाहीं. मग आम्ही सर्वजण नुसते उभे राहिलों. दहा मिनिटांच्या आंत मोटार चार बोटें खालीं उतरली.

यांत जादू कांहीं नाहीं. सायलेन्सरांतून येणारा धूर गरम असतो व त्यांत पाण्याची वाफहि पुष्कळ असते. धूर निवला कीं आकसतो, वाफेचें पाणी होतें. कढईंतून काढलेली टम्म पुरी ताटांत जशी बसते, तशीच ही पिशवी भोक नसतांहि बसते. चार टन उचलण्याची शक्ति तिच्यावर छापलेली असेल, पण किती वेळ, तें छापलेलें नसतें. शिवाय लोखंडी जॅक कलावयास लागला तर निदान करकरतो; पिशवी कुशीवर वळतांना आवाज करीत नाहीं.

सबब ज्यांना हें साधन वापरावयाचें आहे त्यांनीं आधीं फावडें बाहेर काढावें. चाकांच्या पुढची माती उकरावी, पोटाला टेकलेली माती काढावी, टायरांतील हवा निम्म्यावर आणावी म्हणजे टायर पसरून जास्त जागा धरतो, आणि मग लहान गिअरांत हलकेंच प्रयत्न करावा. पुष्कळ वेळां एवढ्यानेंच गाडी निघते, व पिशवीची घडीहि मोडावी लागत नाहीं. बाहेर आल्यावर सडकेवर वेगानें जाण्यापूर्वीं हवा पुन्हां भरावी, हें विसरूं नये.

एवढें करूनहि निघाली नाहीं तर पिशवी. तिच्याखालीं व तिच्यावर दुहेरी गोणपाट घालावें. त्यापूर्वीं खालची जागा हातानें नव्हे, फावड्यानें खरवडावी. मक्याचीं, बाजरीचीं धसकटें आणि पऱ्हाटीचीं खुंटें कापडाला चाकूसारखीं लागतात. पिशवी मोटारीच्या चासीच्या सपाट भागाखालीं यावी. सायलेन्सर व त्याची नळी कढत असते. पिशवी तिला लागली कीं वितळली म्हणून समजावें. डिझेलच्या टांकीखालीं ती मुळींच घालूं नये.

उताराच्या जागीं हा प्रयोग करूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. सपाटीवरहि जीं चाकें जमिनीवर राहणार त्यांना पुढून व मागून लांकडी ठोकळे किंवा चांगले धोंडे लावावे, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्यें असल्याची स्वतः खात्री करावी, आणि मोटारींत कोणी बसूं नये. इंजिन चालू असल्यामुळें मोटार गिअरांत ठेवून थोपवितां येत नाहीं. म्हणून ठोकळ्यांचें महत्त्व येथें दुप्पट आहे. जुन्या जीपवाल्यांस तर एक विशेष इशारा द्यावा लागतो. विलिज घराण्याच्या जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागें, दांड्यावर असतो. मागचें एक चाक अधांतरीं झालें कीं डिफरन्शियलमुळें तें चाक मोकळें फिरतें, आणि ओढलेला ब्रेक असून नसल्यासारखा होतो. गाडी ब्रेकवर उभी आहे असें मालकाला वाटतें, आणि वास्तविक ती एका धोंड्यावर उभी असते. ज्यांच्याकडे अशी जीप आहे त्यांनीं हें ड्रायव्हरला आजच सांगून ठेवावें.

नळी धरणारानें मोटारीच्या सरळ मागें उभें न राहतां कडेला उभें रहावें. इंजिन मंद चालूं द्यावें. रेस केल्यानें पिशवी लवकर फुगते खरी, पण थांबविण्याची वेळ हुकते. पिशवी एका बाजूस असते व मोटार दुसऱ्या बाजूस सरकण्याचा संभव असतो, म्हणून त्या दुसऱ्या बाजूस कोणासहि उभें राहूं देऊं नये. चाकाखालीं फळी सरकेल एवढीच उंची पुरे. पूर्ण फुगलेली पिशवी पाहण्याची हौस होते, ती आंवरावी. जितकी उंच तितकी ती डगमगती. पिशवी एका अंगानें बाहेर फुगूं लागली तर ताबडतोब धूर सोडावा आणि पुन्हां मांडणी करावी.

आतां मुख्य गोष्ट. फळ्या, विटा, तुराट्यांच्या पेंढ्या, जें कांहीं चाकाखालीं घालावयाचें तें फावड्याच्या नाहींतर टिकावाच्या लांब दांड्यानें ढकलावें. हात कोपरापर्यंतहि आंत जातां कामा नये, डोकें तर नाहींच. पिशवीवर उचललेल्या मोटारीचें चाक बदलण्याचा विचारहि करूं नये. चाक बदलावयाचें तर कठीण जमिनीवर, लोखंडी जॅकवर आणि खालीं भक्कम घोडी देऊन. दांड्यानें ढकललेली वीट वांकडी बसते, पुन्हां ढकलावी लागते, वेळ दुप्पट लागतो. लागूं द्यावा.

धूर सोडतांना तोंड दुसरीकडे करावें. त्यांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. छपरीखालीं किंवा दारें लावलेल्या गोठ्यांत हा उद्योग करणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. काम झाल्यावर पिशवी धुऊन, आंतलें काजळीचें पाणी काढून, सावलींत वाळवून ठेवावी. उंदीर लागणार नाहींत अशा ठिकाणीं ठेवावी हें शेतकऱ्याच्या घरांत वेगळें सांगावयास नको.

येथें कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, ट्रॅक्टर बोलवावा, सांखळी लावावी, ओढून काढावी. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं, आणि आम्हांसहि पूर्वीं तसेंच वाटत असे. परंतु सांखळी वर बांधली तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागें उलटतो, आणि ताणलेली सांखळी किंवा वायरदोर तुटला तर तो चाबकासारखा येतो. पोट टेकलेली मोटार नुसती ओढली तर खालचे नळ व चासीचे सांधे कामास येतात ते निराळेच. शिवाय ज्या मातींत मोटार बुडाली तींत ट्रॅक्टरहि बुडतो. मग दुसऱ्या ट्रॅक्टरचा शोध. आधीं पिशवीनें उचलून खालीं फळ्या घातल्या व मग हलकेंच ओढलें, तर दोन्ही साधनांचा धोका कमी होतो. तेव्हां पिशवी निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती कोणाच्या हातीं आणि कोणत्या शर्तीवर द्यावी, एवढाच आमचा वाद आहे.

नव्या मोटारींच्या मालकांस आणखी एक सांगणें आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा नियम देशभर लागू झाला. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत धुराच्या वाटेवर काजळी अडविणाऱ्या गाळण्या व नाजूक यंत्रें बसविलेलीं असतात. अशा मोटारीच्या सायलेन्सरचें तोंड दाबून धरणें इष्ट कीं अनिष्ट, हें मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत पाहून किंवा कारखान्याच्या माणसास विचारून मगच ठरवावें. पुष्कळ पिशव्यांना हवेच्या पंपासाठीं निराळी झडप असते. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा लहान पंप लावला तर वेळ अधिक जातो, पण इंजिनावर ताण येत नाहीं, नळी धरून कोणास मागें उभें रहावें लागत नाहीं, आणि पंपाची हवा धुराइतकी गरम नसल्यामुळें पिशवी निवून बसण्याचें प्रमाणहि कमी होतें. आमचा कल पंपाकडेच आहे.

राहतां राहिला आमच्या संस्थेचा प्रश्न. प्रत्येक सभासदानें अशी पिशवी घ्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. वर्षांतून दोनदां लागणारी वस्तु घरोघरीं पडून उंदरांच्या कामीं येईल. संस्थेनें एक घ्यावी. तिच्याबरोबर एक पंप, दोन जाड फळ्या, चार लांकडी ठोकळे, सहा गोणपाटें आणि चांगल्या लांब दांड्याचें एक फावडें, हें सर्व एकाच पोत्यांत बांधून ठेवावें, म्हणजे पिशवी गेली आणि ठोकळे राहिले असें होणार नाहीं. मागेल त्या सभासदास तें पोतें द्यावें, परंतु नोंदवहींत सही घेऊन, आणि दोन शर्तींवर. पहिली, ज्यानें एकदां कोरड्या जागेवर ही पिशवी वापरून दाखविली असेल असा माणूस बरोबर असावा. दुसरी, मालकानें स्वतः शेतावर हजर रहावें आणि चाकाखालीं विटा ढकलण्याचें काम त्यानेंच स्वतःच्या हातानें, दांडा धरून करावें. ड्रायव्हर पाठविला आहे, सालदार येत आहे, अशा निरोपावर पोतें देऊं नये.

दुसरी शर्त कांहीं सभासदांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. ज्या सभासदांच्या शेतांत आम्ही गेलों होतों त्यांच्यापाशीं ती आम्हीं बोलून दाखविली, तेव्हां ते प्रथम गप्प राहिले. मग त्यांनीं सालदाराच्या हातांतली वीट घेतली, फावडें मागितलें, आणि उरलेल्या सात विटा दांड्यानें स्वतः ढकलल्या. अर्धा तास गेला. मोटार निघाली तेव्हां दिवेलागण झाली होती.

व्यवस्थापक मंडळाच्या येत्या बैठकींत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. नोंदवही ठेवण्याचें काम आम्ही पत्करतों.